जीआरईचं व्हर्बल आणि साडेतीन हजार शब्दांची यादी

अमेरिकेत मास्टर्सच्या प्रवेशासाठी देतात त्या जीआरई परीक्षेचा विषय निघाला की मुंबईतल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकच बोलणं ऐकू येतं, क्वांट होऊन जाईल रे, व्हर्बलचं काय करायचं ते सांग. क्वांट म्हणजे गणिताचा भाग, व्हर्बल म्हणजे इंग्रजीचा. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं, वर्डलिस्ट धर आणि रोज पन्नास शब्द कर. सीनियर हेच सांगतात, क्लासवाले हेच सांगतात, अमेरिकेला गेलेला मावसभाऊ पण हेच सांगतो. माझं म्हणणं असं आहे की हा सल्ला आता चुकीचा आहे, आणि ज्यांची शाळा मराठी माध्यमाची किंवा सेमी इंग्लिशची होती त्यांचं तर यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. परीक्षा नकोच असं मी म्हणत नाहीये. मास्टर्सला जाणाऱ्या मुलाला नीट वाचता येतं का हे कुणीतरी तपासलंच पाहिजे. पण तपासायचं ते वाचन, आणि तयारी करायची ती पण वाचनाचीच.

आधी परीक्षेत काय असतं ते बघू, कारण अर्धा गोंधळ जुन्या माहितीमुळे आहे. २०११ च्या ऑगस्टपर्यंत जीआरईत अँटोनिम्स आणि अ‍ॅनालॉजीज होत्या, म्हणजे एक सुटा शब्द द्यायचा आणि त्याचा विरुद्धार्थी शोधायचा, किंवा शब्दांची एक जोडी द्यायची आणि तसंच नातं असलेली दुसरी जोडी शोधायची, मागेपुढे वाक्य वगैरे काही नाही. त्या परीक्षेला यादी पाठ करणं कामाचं होतं, कबूल. शब्द माहीत असेल तर मार्क, नसेल तर नाही. पण २०११ ला ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने हे दोन्ही प्रकार काढून टाकले, २०० ते ८०० ची जुनी पट्टी जाऊन १३० ते १७० ची आली, आणि सुटे शब्द विचारणं बंद झालं. २०२३ च्या सप्टेंबरपासून तर पेपरच लहान झाला, पावणेचार तासांचा होता तो दोन तासांच्या आत आला. आता व्हर्बलला एकूण २७ प्रश्न, १२ चा एक सेक्शन १८ मिनिटांचा, १५ चा दुसरा २३ मिनिटांचा, आणि पहिला कसा गेला त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरतं. साधारण निम्मे प्रश्न पॅसेजवरचे. उरलेले गाळलेल्या जागांचे, पण त्या जागा वाक्यात किंवा छोट्या परिच्छेदात असतात, कधी एक, कधी तीन, आणि तीनमधली एक जरी चुकली तरी सगळा प्रश्न गेला.

एवढा बदल होऊन इतकी वर्षं झाली तरी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जी सेकंडहँड जीआरईची पुस्तकं मिळतात ती उघडून बघा, मागच्या मालकाने पेन्सिलने रंगवलेली पानं शब्दयादीचीच असतात, आरसीचे, म्हणजे उतारा वाचून उत्तरं द्यायचे, पॅसेज कोरे. मी काही वर्षं दादरच्या एका क्लासमध्ये व्हर्बल घ्यायचो. तिथे पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात साडेतीन हजार शब्दांची यादी द्यायची पद्धत होती, कारण फी भरली की पालकांना काहीतरी जाडजूड मिळालेलं दिसतं, शब्दांची टेस्ट घ्यायला दहा मिनिटं लागतात, तपासायला त्याहून कमी, आणि मुलालाही वाटतं की आज आपला पन्नास शब्दांचा अभ्यास झाला. पॅसेज शिकवायचा तर शिकवणाऱ्याला मुलाच्या शेजारी बसून विचारावं लागतं की तू हा पर्याय का निवडलास, कुठल्या ओळीवरून, आणि असे तीस जण एका बॅचमध्ये असले की ते जमत नाही. म्हणून यादी चालू राहते. परीक्षेला ती लागते म्हणून नाही, ती द्यायला सोपी आहे म्हणून.

गाळलेली जागा भरायला नक्की काय लागतं हे मराठीतच बघू. समजा वाक्य असं आहे: समितीच्या अहवालाची भाषा सरकारवर तुटून पडल्यासारखी वाटत असली, तरी शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशी वाचल्या की हा अहवाल मुळात किती अमुक आहे हे लक्षात येतं. त्या अमुकच्या जागी काय येईल? मवाळ येईल, सौम्य येईल, बोटचेपा येईल. जहाल येणार नाही. हे तुम्हाला शब्दकोशाने नाही सांगितलं, वाक्यातल्या ‘असली तरी’ आणि ‘मुळात’ने सांगितलं. वाक्य एका दिशेने निघालं आणि मध्येच वळलं, ते वळण ज्याला दिसलं त्याला उत्तर पर्याय वाचायच्या आधीच माहीत असतं. जो माणूस रोज सकाळी अग्रलेख वाचतो तो हे काम कुणी न शिकवता करत असतो. इंग्रजीत तेच काम ऑल्दो, हार्डली, फार फ्रॉम, इफ नॉट, असली लहान लहान मंडळी करतात आणि साडेतीन हजारांच्या यादीत त्यातलं एकही नसतं, कारण ते शब्द सगळ्यांना येतात असं धरलेलं असतं. मुलं चुकतात ती तिथेच. मी बघितलेल्या चुकलेल्या उत्तरांपैकी कितीतरी अशी होती की पर्यायांतले सगळे शब्द मुलाला पाठ होते आणि तरी चूक, कारण वाक्य कुठे वळलं ते त्याने बघितलंच नव्हतं.

आता शब्दसंग्रह लागत नाही असं कुणी समजू नये. लागतो, आणि भरपूर लागतो, म्हणूनच तो पाठांतराने होत नाही. इंग्रजी शब्दसंग्रहाच्या अभ्यासात मोठं नाव असलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली हिशोब मांडला होता, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असायचे, तर ८ ते ९ हजार वर्ड फॅमिली यायला लागतात. वर्ड फॅमिली म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली सगळी रूपं धरून एक. इतकं कुणी फ्लॅशकार्डवर करू शकत नाही, आणि यादीतले कितीतरी शब्द तर या ८-९ हजारांच्याही पलीकडचे, वर्षातून एकदा भेटणारे असतात. म्हणजे खालचे मजले बांधायच्या आधीच गच्चीला रंग दिल्यासारखं होतं. त्याच न्यूझीलंडमधल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली कॉलेजच्या अभ्यासातल्या इंग्रजीतून फक्त ५७० वर्ड फॅमिलींची एक यादी काढली, अ‍ॅझ्यूम, इम्प्लाय, कॉन्स्टिट्यूट, नेव्हरदलेस असे शब्द, आणि अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा एवढ्यानेच भरतो असं दिसलं. पाठच करायचं असेल तर हे करा ना. पण हे शब्द भारी वाटत नाहीत, त्यामुळे ते करून काही मिळवल्यासारखं वाटत नाही.

आणि शब्द येतो कसा, तर पुन्हा पुन्हा भेटून. विल्यम नॅगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांवर हे तपासलं होतं. वाचताना अनोळखी शब्द एकदा भेटला तर त्याचं थोडंसंच काही हाती लागतं, पण वाचन खूप असेल तर त्या थोड्याथोड्याचीच वर्षभरात मोठी बेरीज होते. यादीतून शिकलेला शब्द म्हणजे एक अर्थ, तोही एका शब्दात, आणि तो कुठे बसतो कुठे बसत नाही याचा पत्ता नाही. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाच्या गाळलेल्या जागेच्या प्रकारात सहा पर्यायांतून दोन असे निवडायचे असतात की त्यातला कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील, आणि तिथे पेपर काढणारे मुद्दाम अशी एक जोडी ठेवतात जी एकमेकांना समानार्थी आहे पण त्या वाक्यात बसतच नाही. पाठांतरवाला बरोबर त्यात अडकतो.

मग मुलांना वाचनाची सवय का नाही? मुलं आळशी आहेत म्हणून, हे मला पटत नाही. आपण त्यांना वाचायला लावलेलंच नाही. दहावीला इंग्रजीच्या पेपरात अनसीन पॅसेज असतो, त्याचा अभ्यास कसा करून घेतात ते आठवा, प्रश्नातला शब्द पॅसेजमध्ये शोधायचा, ते वाक्य उचलायचं, थोडं मागेपुढे करून उत्तरात उतरवायचं, मार्क मिळतात. पॅसेजचा अर्थ कळला नाही तरी मार्क मिळतात ही यातली खरी अडचण आहे. तीच सवय घेऊन मुलगा जीआरईला बसतो आणि तिथे नेमकं उलटं असतं, ज्या पर्यायात पॅसेजमधले शब्द जसेच्या तसे आहेत तो बरेचदा चुकीचा असतो आणि बरोबर पर्याय वेगळ्याच शब्दांत मांडलेला असतो. मध्ये बारावी, तिथे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सपुढे इंग्रजीला कोण विचारतं. पुढे इंजिनिअरिंगची चार वर्षं, तिथे लोकल पब्लिकेशनची पुस्तकं आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर, ज्यात सगळं मुद्द्यांत असतं. चार वर्षांत एकदाही कुणी त्या मुलाला सांगत नाही की हा दहा पानांचा लेख घे, लेखकाचं म्हणणं काय आहे, तो कुणाला विरोध करतोय, त्याचा पुरावा कुठे कच्चा आहे ते मला सांग. जीआरईचं आरसी एवढंच विचारतं. आणि पुढे मास्टर्सला पहिल्या आठवड्यापासून प्रोफेसरही हेच विचारणार आहेत, त्यामुळे हा प्रश्न परीक्षेला विचारला म्हणून मला अजिबात राग येत नाही.

परीक्षेत अन्याय नाही असं मात्र नाही. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी एक छान प्रयोग केला होता, शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल नीट माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल माहीत नसलेल्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे निघाली. म्हणजे ज्याला आपण वाचन म्हणतो त्यात विषयाची माहिती मोठा भाग असते. आता जीआरईच्या सरावाच्या पॅसेजेसमध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास असतो, गुलामगिरीनंतरच्या काळातलं कृष्णवर्णीय लेखन असतं, कधी व्हिक्टोरियन कादंबरी असते. ईटीएस म्हणतं उत्तराला बाहेरची माहिती लागत नाही, सगळं पॅसेजमध्येच असतं. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, पण दीड मिनिटात एक प्रश्न सोडवताना ज्याला त्या काळाची आधीपासून ओळख आहे तो आरामात जातो आणि विरारहून पाच त्रेपन्नची लोकल पकडून आलेला, ज्याने त्या काळाबद्दल पहिल्यांदाच वाचलं, तो पहिलं वाक्य तीनदा वाचतो. यावर उपाय मला तरी दोनच दिसतात, परीक्षा घेणाऱ्यांनी जगभरचे विषय आणावेत, आणि तोपर्यंत आपण विज्ञान, इतिहास, कला यांवरचे साधे लेख आधीपासून वाचावेत, दुसऱ्या वर्षापासून, रोज एक.

आता काही जण म्हणतील की हे सगळं कशाला, २०२० च्या कोविडनंतर कितीतरी युनिव्हर्सिट्यांनी जीआरई ऑप्शनल केली, ही परीक्षा मुळात श्रीमंतांची आहे, जाऊ दे ना ती. फी बघितली तर यात तथ्य आहे, भारतात ही परीक्षा द्यायला वीस हजारांच्या वर खर्च येतो आणि ज्या घरात महिन्याचा पगारच तेवढा आहे तिथे हा आकडा मोठा आहे. पण परीक्षा काढून टाकली की त्या जागी काय येतं ते बघा. एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, येतं, रेकमेंडेशन येतं, कॉलेजचं नाव येतं, रिसर्च पेपर येतो. एसओपी लिहून देणारे कन्सल्टंट आधीपासून होतेच आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर तर कुठलं इंग्रजी कुणाचं हे सांगायची सोयच राहिली नाही. कॉलेजचं नाव म्हणाल तर पवईच्या आयआयटीतल्या मुलाला ते आहे, बदलापूरच्या किंवा वसईच्या कॉलेजातल्या मुलाला ते नाही, त्याच्या प्रोफेसरचं पत्र तिकडे कुणी ओळखत नाही. त्याच्याकडे स्वतःचं असं दाखवायला उरतो तो स्कोअरच. अमेरिकेतल्या एमआयटीने २०२२ मध्ये पदवीच्या प्रवेशाला एसएटी ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली तेव्हा दिलेल्या कारणांमध्ये हेही होतं, की ज्यांच्या शाळेत मोठ्या संधी नव्हत्या अशी हुशार मुलं ओळखायला परीक्षेची मदत होते. ती पदवीची गोष्ट आहे, मास्टर्सची नाही, पण मुद्दा तोच आहे. मात्र स्कोअर वापरायचा कसा याला अर्थ आहे. स्वतः ईटीएस युनिव्हर्सिट्यांना सांगतं की फक्त या स्कोअरवर कटऑफ लावू नका, आणि तरी इकडचे कन्सल्टंट एकशे पन्नासच्या खाली व्हर्बल असेल तर फॉर्मच भरू नकोस म्हणून मुलांना घाबरवतात.

मराठी माध्यमाच्या मुलांबद्दल मला जास्त बोलायचंय. या मुलांना पहिल्यापासून सांगितलं जातं की तुमचं इंग्रजी कच्चं, तुम्हाला दुप्पट शब्द करावे लागतील. कॅनडाचे जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेली एक गोष्ट इथे फार उपयोगाची आहे, की दोन भाषांमधलं वाचन म्हणजे डोक्यातले दोन वेगळे कप्पे नसतात, खाली एक सामाईक क्षमता असते, आणि एका भाषेत मुद्दा पकडायला, लेखकाचा सूर ओळखायला, न सांगितलेलं समजून घ्यायला शिकलात तर ते दुसऱ्या भाषेत नेता येतं. अट एकच, दुसऱ्या भाषेची किमान ओळख हवी, नाहीतर पहिल्या भाषेतलं काहीच दुसरीत झिरपत नाही. यावरही बरंच संशोधन झालेलं आहे आणि ती अट खरी आहे. पण इंजिनिअरिंग पास झालेल्या मुलाची ती किमान ओळख झालेली असते हो, चार वर्षं तो सगळं इंग्रजीतच शिकलाय. ज्या मुलीने शाळेत असताना ग्रंथालयातून आणून चरित्रं वाचली, वडिलांशी अग्रलेखावर वाद घातले, तिच्याकडे आरसीला लागणारं निम्मं सामान आधीच आहे. तिला कुणी हे सांगतच नाही. तिच्या हातात यादी देऊन आपण तिला सांगतो की तू वाचलेलं सगळं बिनकामाचं, आता ए पासून सुरू कर. मी अशा मुलांबरोबर नंतर नंतर वेगळं करून बघितलं, आधी मराठी अग्रलेख घ्यायचा, त्याचा मुद्दा दोन ओळींत मराठीतच लिहायचा, कुठल्या वाक्यात लेखकाने समोरच्याचं मान्य केलं आणि कुठे त्याला खोडलं ते खुणा करून दाखवायचं, आणि मग तेच सगळं इंग्रजी लेखावर. भीती जाते. वेग यायला वेळ लागतो, काही महिने लागतात, पण वाचल्यावर काय शोधायचं हे कळलेलं असतं.

आणि हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडे आयआयएमच्या प्रवेशाच्या कॅट परीक्षेने हे कधीच ओळखलं, अलीकडच्या वर्षांत तिथल्या व्हर्बलच्या २४ प्रश्नांतले साधारण दोन तृतीयांश पॅसेजवरचे असतात, सुटे शब्द विचारणं बंदच झालंय, आणि त्या सेक्शनला स्वतःची ४० मिनिटं असतात. आमची महाराष्ट्राची एमबीएची सीईटी मात्र अजून जुन्याच वळणावर आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, त्यातले ५० व्हर्बलचे. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. पाऊण मिनिटात कुणी काय वाचणार, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत राहिलेले सगळे गोल भरून टाकायचे हे प्रत्येक क्लासमध्ये उघड शिकवलं जातं. या स्कोअरवर मुंबईच्या जमनालाल बजाज मॅनेजमेंट कॉलेजला कोण जाणार ते ठरतं. सरकारी परीक्षा आहे, राज्यातल्या मुलांसाठी घेतलेली, तिने तरी वाचन तपासावं की नाही? समानार्थी, विरुद्धार्थी, म्हणी हे प्रश्न काढून टाकावेत, ५० चे २५ करावेत, ते सगळे पॅसेजवर ठेवावेत आणि त्या भागाला वेगळा वेळ द्यावा. पॅसेजमध्ये इथल्या गोष्टी याव्यात, गिरणी कामगारांचा संप, कोकण रेल्वे, ऊस आणि पाणी, मुंबईतली पुनर्विकासाची भांडणं, म्हणजे इंग्रजी इंग्रजीच राहील पण नालासोपाऱ्याच्या मुलालाही विषय ओळखीचा वाटेल. एक-दोन पॅसेज मराठीत सोडवायची सोय ठेवली तर माझी अजिबात हरकत नाही, कारण मॅनेजर होऊन त्याला कामगारांशी, ग्राहकांशी, नगरपालिकेशी बोलायचंय ते मराठीतच. हे करायला कायदा बदलावा लागत नाही. परीक्षेचा पॅटर्न ती घेणारा राज्याचा सीईटी सेल ठरवतो, पेपर काढणाऱ्यांना सूचना तोच देतो, आणि ठरवलं तर पुढच्या वर्षीच्या परीक्षेआधी त्या सूचना बदलता येतील.